पहिल्या पोळीचा धनी

अल्बनीत आमच्या रस्त्याच्या टोकाला, नवी घरं संपून कुरणं सुरू होतात तिथे, एक दहा वर्षांचा मुलगा राहतो. मी मराठीत काहीही विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. त्याची आई रोज पहिली पोळी गायीच्या नावानं काढते. हा पठ्ठ्या ती एका भटक्या कुत्र्याला घालतो.

परवा कौन्सिलचा माणूस त्या कुत्र्याला पकडायला आला.

"ही इज माइन," पोरगा म्हणाला.

"देन कॉल हिम."

पोरानं माझ्याकडे पाहिलं, लाजला, मग म्हणाला, "ये रे सोन्या, घाबरू नकोस."

कुत्रा धावत येऊन त्याच्या पायांतल्या रबरी चपलांवर, जँडल्सवरच बसला. माणसानं हसून नोंदणीचा फॉर्म काढला.

चार वर्षांत त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं मराठी. आणि सूर अगदी त्याच्या आईचा!