चिठ्ठीत नसलेली चूक

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, चाळीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत आलेत. पण त्यांची शिकवणी बघणाऱ्याला वाटावं, इथे कबुलीजबाब घेतात. शिकणारा सीटवर टेकला की चावी फिरवण्याआधी त्याच्या हातात चिटोरा आणि पेन्सिल. "आज कुठे चुकणार ते लिहा." चिठ्ठी घडी करून समोरच्या कप्प्यात जायची आणि फेरी संपली की उघडायची. लिहिलेली चूक झाली तर भावोजी हूं की चूं करत नसत. न लिहिलेली झाली, तर मात्र शिकणाऱ्याचं काही खरं नसे.

पहिल्या दिवशी मी "काही नाही" असं लिहून ऐटीत चिठ्ठी टाकली आणि पहिल्याच वळणावर एका बंगल्याचं फाटक आडवं केलं. "फाटक पुन्हा उभं करता येईल," भावोजी म्हणाले. "तुला स्वतःचीच खबर नाही, त्याचं काय करायचं?" चार वेळा नापास झाले. पाचव्या वेळी चिठ्ठीत सात चुका लिहिल्या, सातही टाळल्या आणि पास झाले. याचं श्रेय त्यांचंच, पण ते मी त्यांच्या तोंडावर देत नाही. आधीच ते हवेत असतात.

आणि या गुरुमहाराजांची स्वतःची तऱ्हा बघा. चारचौघांत बसले की त्यांचा एकच किस्सा, पुलावरून उलट्या दिशेने गाडी नेणाऱ्या न्यायाधीशाचा. तो आम्हा सगळ्यांना पाठ आहे. न्यायाधीश पुलावर चढला की ताई खोकते, एकदाच, कोरडं. भावोजी तिथेच वाक्य मोडून पाणी मागतात. मी एकदा विचारलं, "भावोजी, तुमच्या बडबडीची चिठ्ठी कोण लिहितं?" "कुठे थांबायचं ते मला बरोबर कळतं," असं छाती काढून उत्तर आलं. ताईने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

सत्तरी उलटली तसं परवान्यासाठी पुन्हा परीक्षा द्यायचं फर्मान आलं. नापास झाले तर परवाना जाणार आणि त्याच्याबरोबर शिकवणीही. "परीक्षकालाच दोन गोष्टी शिकवून येतो," असं ते म्हणत होते खरे, पण आठवडाभर त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. एकदा तर त्यांनी माझ्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मी तो मुकाट्याने प्यायले, यावरून काय ते समजा.

परीक्षक बाई निघाल्या त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी. बाई पुढे बसल्या आणि गंभीर चेहऱ्याने त्यांनी कोरा कागद पुढे केला. "मास्तर, आधी चिठ्ठी." भावोजींचं तोंड बघण्यासारखं झालं. बराच वेळ पेन्सिल चावून त्यांनी काहीतरी लिहिलं. ताई आणि मी मागे होतो. "यांना एकट्याने जायची सवय नाही हो," असं सांगून ताईने तशी परवानगीच काढली होती.

बाजाराच्या चौकात ताई खोकली. भावोजींनी वेग कमी केला आणि उजवीकडून आलेली हातगाडी समोरून निघून गेली. शाळेपाशी ती पुन्हा खोकली आणि उजवीकडून सायकल आली. मला वाटलं, हवा बदललीय. दवाखान्याच्या वळणावर खोकला आधी आणि स्कूटर नंतर आली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ताईकडे पाहिलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. मला तिचा भयंकर राग आला, आणि कीवही.

"एकही चूक नाही, मास्तर." बाईंनी सहीसाठी पेन काढलं.

"आधी चिठ्ठी, मग सही," भावोजी म्हणाले.

बाईंनी घडी उलगडून मोठ्याने वाचलं, "माझी बायको तीन वेळा खोकेल."

"उजवीकडचं मला वेळेवर दिसत नाही," भावोजी म्हणाले. "या रस्त्यावर तशा तीन जागा आहेत. डॉक्टरांकडे गुपचूप जाऊन आलो. म्हणाले, वाढणार नाही, पण गेलेलं परतही येणार नाही."

"तुम्हाला माहीत होतं?" ताई पुढे वाकली.

"अगं, बैठकीत तुझा खोकला ऐकू येतो, तो गाडीत येणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर गाडी सोडावी लागली असती," भावोजी म्हणाले आणि बाईंकडे वळले. "सही करू नका. मी शिकवताना मागच्या सीटवर ही नसते."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

परत येताना गाडी मी चालवली. भावोजी शेजारी, शिकवणाऱ्याच्या सीटवर, जिथे पायाशी दुसरा ब्रेक असतो. "किती चुका?" त्यांनी सवयीने विचारलं.

"एकच. तुम्ही मध्येच लुडबुड कराल."

पहिल्याच चौकात उजवीकडून सायकल आली. मी ती पाहिली होती, वेगही कमी केला होता. तरी मागून ताई खोकली आणि भावोजींनी पायाखालचा ब्रेक करकचून दाबला. सायकलवाला आमचा उद्धार करत निघून गेला. भावोजी ब्रेककडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही पाय वर घेतले, सीटवर मांडी घातली आणि न्यायाधीशाचा किस्सा पहिल्यापासून सुरू केला.

न्यायाधीश पुलावर चढला, पलीकडे उतरला, अगदी घरी पोचून जेवला. ताई एकदाही खोकली नाही.