कोंडीभाऊंची कोरडी बशी

कोंडीभाऊ गेल्याचं मला कळलं ते लोणावळा स्टेशनाबाहेर, माझ्या भाड्याच्या मोटारीपाशी. भाऊंच्या गावाहून, कुरवंड्याहून, दूध घेऊन येणाऱ्या पारूमावशीनं डोक्यावरची चरवी खाली ठेवली आणि म्हणाली, "गनपत, भाऊ गेलं रं. तीन दिस ताप व्हता, आज पहाटं डोळं मिटलं." मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आठवतो तो दहावा. ओढ्याकाठी विधी चालू होते, भाऊंची बायको सरूवहिनी डोक्यावर पदर ओढून बसली होती, आणि तेवढ्यात छत्री धरून माझे जुने मालक रावसाहेब आले. बूट न काढताच एका दगडावर उभे राहिले, घसा साफ केला आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माणूस कसबी. माझ्या पडवीचं वाटोळं केलं त्यानं, पण आता गेलेल्या माणसाचं काय काढायचं!" म्हणजे काढलंच की! मरणानंतर दहाव्या दिवशी, त्याच्या बायकोसमोर. आणि मी? मी तिथंही गप्प राहिलो. दुखवट्याचं लिहिताना हात सौम्य ठेवावा म्हणतात. माझ्याच्यानं ते व्हायचं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कोंडीभाऊ पत्रे बसवणारे. तरुणपणी रेल्वेच्या शेडांवर काम करून हात तयार झालेला, पुढं लोणावळ्यातल्या निम्म्या बंगल्यांची छपरं त्यांनी घातली. आमच्याकडे नागफणीच्या कड्यावरून वारा असा सुटतो की कच्चं बसवलेलं छप्पर दुसऱ्याच्या परसात सापडतं. भाऊंचा पत्रा मात्र हलला नाही. त्यांची एक रीत होती. काम संपलं तरी मालकाच्या घरचा चहा ते घेत नसत. आषाढात पावसाची झड लागली की डोक्यावर इरलं घेऊन यायचे, कनवटीची पांढरी, कडेला टवका उडालेली बशी काढायचे आणि छपराखाली जमिनीवर ठेवायचे. मग बाजूला उकिडवे बसून राहायचे. अर्ध्या तासात बशीत थेंब पडला नाही, की मालकानं स्वतःच्या हातानं त्याच बशीत चहा ओतायचा. तो फुर्र करून प्यायला की काम पुरं झालं. मोठमोठ्या लोकांनी गुडघे वाकवून त्या बशीत चहा ओतलेला आहे. भाऊंना त्याचा फार अभिमान होता, आणि तो त्यांना शोभत होता.

रावसाहेब मुंबईत वकिली करून निवृत्त झालेले. बंगला बांधला, मोटार घेतली, मोटारीवर मला ठेवलं. मोटारीला उभं राहायला बंगल्याच्या बाजूला लाकडी खांबांवर पन्हळी पत्र्यांची मोकळी पडवी घालायचं ठरलं आणि भाऊंना बोलावणं गेलं. पन्हळी पत्र्याला एक उंच वरंबा असतो आणि एक खोलगट पन्हळ असते. भाऊ त्याला पाठ आणि पोट म्हणत. पत्रा लाकडाला धरून ठेवणारा लोखंडी आकडा नेहमी पाठीवर ठोकायचा, कारण पाणी वाहतं ते पोटातून. भाऊंनी दोन दिवसांत सगळे आकडे पाठीवर ठोकले. तिसऱ्या दिवशी रावसाहेब माडीच्या गॅलरीत उभे राहिले आणि त्यांना ते आकडे टोचले. वर पाहुणे बसणार, त्यांना ही काट्यांची रांग दिसणार! त्यांनी खाली येऊन हुकूम केला, आकडे काढा आणि खोलगट भागात मारा, म्हणजे दिसायचे नाहीत.

"रावसाहेब, पोटाला भोक पाडलं की पानी तितनंच उतरल," भाऊ म्हणाले.

"छप्पर माझं आहे. मी सांगतो तसं कर."

मी तेव्हा चार हातांवर मोटारीचा दिवा पुसत होतो. शब्द न् शब्द ऐकला. भाऊंनी शिडीवरून माझ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि आकडे उपटले. जुन्या भोकांत शिसं भरलं, नवी भोकं पोटात पाडली, वरून डांबर फासलं. आयुष्यात ती एकच चूक त्यांनी केली, मालकाचा शब्द राखण्याची. पुढं ते स्वतःच म्हणायचे, "त्या दिशी शिडी घिऊन घरी जायाला पायजे व्हतं."

आषाढ आला. पडवीला गळती लागली, पाण्याबरोबर डांबरही खाली उघड्या मोटारीच्या गादीवर ठिबकू लागलं. एके दिवशी रावसाहेबांचे मुंबईचे व्याही मोटारीत बसले आणि उतरले तेव्हा त्यांच्या शुभ्र धोतरावर मागं डांबराचा भलाथोरला डाग. आम्ही नोकर माणसं स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसलो. हसू फार टिकलं नाही. भाऊ नेमके त्याच दुपारी इरलं घेऊन, बशी घेऊन आले. बशी ठेवायची गरजच नव्हती, पण रीत म्हणून ठेवली. टप्... टप्... बघता बघता भरली. रावसाहेबांनी व्याह्यांसमोर, माळ्यासमोर, फाटकाशी जमलेल्या बघ्यांसमोर त्यांना लबाड म्हटलं, भोकं पाडणारा म्हटलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "तुमीच सांगितलं तसं केलं. ह्यो गनपत व्हता तितं. त्येला इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. रावसाहेबांनी भुवया उंचावल्या. माझं नुकतं लग्न झालेलं, राहायला खोली बंगल्यातच... मी म्हणालो, "मी मोटारीखाली होतो, साहेब. मला काही ऐकू आलं नाही."

भाऊंनी बशीतलं पाणी बाहेर ओतलं, बशी धोतराला पुसली आणि चालू लागले. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यातच बाजारात त्यांना 'भोकपाड्या' हे नाव पडलं. ते कुणी पसरवलं हे मला ठाऊक आहे, कारण त्या त्या दारात रावसाहेबांना मोटारीतून मीच नेलं होतं. बंगल्यांची कामं बंद झाली. वीस वर्षं ज्यांनी भाऊंना अहो-जाहो केलं ते फाटक उघडेनात. भाऊ घोरावाडीकडं, इंदुरीकडं गोठ्यांवर पत्रे ठोकत फिरू लागले. गोठ्यातही बशी ठेवायचे. शेतकऱ्याची बायको चहा ओतायची.

आणि रावसाहेबांची पडवी गळतच राहिली! मला हे लिहिताना आजही बरं वाटतं, ते मी लपवत नाही. त्यांनी पाच माणसं आणली. प्रत्येकानं डांबराचा नवा थर दिला, प्रत्येक थर आषाढात फुटला. पोटाचं भोक डांबरानं बुजत नाही, पत्रा बदलावा लागतो. पत्रे बदलायचं मनावर घेईपर्यंत जर्मनीशी लढाई सुरू झाली आणि पत्रे बाजारातून गडप झाले. संबंध मावळात कोरे पत्रे उरले होते ते एकाच ठिकाणी, कुरवंड्याला कोंडीभाऊंच्या पेंढ्याखाली. लढाईच्या आधी घेऊन ठेवलेले, आठ. रावसाहेबांना वास लागला आणि त्यांनी मलाच पाठवलं.

भाऊ म्हणाले, "पत्रं हायती. येतो, बशिवतो. पर बाजारच्या दिशी, लोकांम्होरं, 'चूक माजी व्हती' यवडं म्हनायला सांग त्यास्नी."

मी निरोप दिला. रावसाहेब हसले. म्हणाले, त्यापेक्षा बादल्या लावू. बादल्या लागल्या, दहा-बारा. त्यानंतर दर आषाढात भाऊ कुरवंड्याहून भर पावसात उतरायचे, बंगल्याच्या कुंपणाबाहेर इरल्याखाली घटकाभर उभे राहायचे, बादल्यांचा आवाज ऐकायचे आणि परत जायचे. एकदा मी विचारलं, "भाऊ, एवढ्या पावसात कशाला येता?" तर म्हणाले, "गळतंय का बगाया. गळतंय." चेहऱ्यावर असं समाधान, जसं जेवून उठलेल्या माणसाच्या असावं. सूड असा बसल्या जागी घेता येतो हे मी त्यांच्याकडून शिकलो.

पुढं मी नोकरी सोडली, स्वतःची मोटार केली आणि माफी मागायला कुरवंड्याला गेलो. पाय धरले. त्यांनी मला उठवलं, भाकरी वाढली, आणि एवढंच बोलले, "माफी हितं घरात नगं मागूस. जितं लोकांम्होरं खोटं बोललास, तितं लोकांम्होरंच खरं बोल." मी हो म्हणालो. पण ज्या पाहुण्यांची भाडी मला मिळत, ते रावसाहेबांच्याच ओळखीचे... हे वर्ष नको, पुढच्या वर्षी, असं करत मी सहा आषाढ घालवले. भाऊंनी पुन्हा कधी विचारलं नाही. कुंपणाबाहेर मात्र ते दर वर्षी आले.

दहाव्यानंतर सरूवहिनींनी मला मागं बोलावलं, पेंढा बाजूला सारला. "ह्ये आट पत्रं गनपतला द्या म्हनलं जाताना. त्येच्या मोटारीला छप्पर न्हाई. अन् ही बशी." मी म्हटलं, "वहिनी, मला का?" त्या म्हणाल्या, "म्या बी त्येच इचारलं. तर म्हनलं, त्यो वाकडा न्हाई, भ्याला."

रावसाहेबांचा माळी दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात. पत्रे आता तरी मिळतील का? मी भाऊंचीच अट सांगितली. तो परत आला नाही.

पत्रे मी माझ्या दारात चढवले, आकडे पाठीवर. कालपासून झड लागली आहे. मोटारीशेजारी बशी ठेवून मी हे लिहितो आहे. अर्धा तास केव्हाच होऊन गेला, बशी कोरडी आहे, चुलीवर चहा तयार आहे, पण मी तो ओतलेला नाही. हे ज्या अंकात छापून येईल त्याच्या तीन प्रती घेईन; एक रावसाहेबांच्या मोटारीच्या गादीवर नेऊन ठेवीन. तिथं ती भिजेल, म्हणून दुसरी त्यांच्या हातात देईन आणि तिसरी बाजारात मोठ्यानं वाचीन.

रावसाहेब, त्या दिवशी मी मोटारीखाली नव्हतो. तुमच्यासमोर चार हातांवर उभा होतो आणि मी सगळं ऐकलं. चूक तुमची होती. खोटं माझं होतं. भाऊ, एवढं वाचून झालं की घरी येऊन बशीत चहा ओततो.