त्या गुरुवारी आम्ही कुठंही गेलो नव्हतो

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसाचं दुखणं हाडात, स्नायूत नाहीतर नसेत असतं, चौथी जागा नाही, या समजुतीवर माझं पोट चालतं. माहेरी ओतूरला कुणाला काही 'दिसलं' असं कानावर आलं की मी त्याला आधी चष्म्याचा नंबर तपासून ये म्हणायचे. त्यामुळे हे लिहिताना मला भीतीपेक्षा चीडच जास्त येतेय. आणि एक विनंती... 'तुमच्यासारखी दिसणारी दुसरी कुणीतरी असेल' असं कमेंटमध्ये लिहू नका. ते मी स्वतःला इतक्यांदा सांगून झालंय की आता त्या वाक्याचाच राग येतो.

मी आणि माझा नवरा प्रशांत तेव्हा नारायणगावात राहायचो. बसस्टँडच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत. मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात फिजिओथेरपी बघायचे. प्रशांत ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत होता, म्हणजे द्राक्षवाल्या आणि टोमॅटोवाल्या शेतकऱ्यांच्या रानात जाऊन पाणी, खत, फिल्टर हेच दिवसभर. मग कंपनीने नारायणगावचं ऑफिस बंद करायचं ठरवलं आणि त्याला पुण्याला बोलावलं. नेमकं त्याच सुमारास मला नाशिकच्या एका हॉस्पिटलमधून बोलावणं आलं. तशा कामासाठी मी कॉलेज सुटल्यापासून धडपडत होते.

नारायणगाव पुणे-नाशिक रस्त्यावरच आहे. घरातून बाहेर पडून डावीकडं वळलं की एक शहर, उजवीकडं वळलं की दुसरं. आम्ही दोघं दोन महिने त्या वळणावर उभे होतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण आम्हाला रस्ता सांगत होता. सासरे मंचरजवळ अवसरी बुद्रुकला असतात. त्यांचं म्हणणं, पुणंच बरं, मंचरहून कधीही येता येतं. माझ्या आईचं म्हणणं, नाशिकची हवा चांगली, शिवाय मावशी तिथं आहे. घरमालक, दूधवाला, दवाखान्यात गुडघा शेकायला आलेली पेशंट... सगळ्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत. आणि रोज रात्रीच्या जेवणाला आमचं तेच सुरू. तुझी नोकरी पक्की की माझी, तुझा पगार की माझं शिक्षण. प्रशांत भांडत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष. तो गप्प बसतो आणि मग मी दोघांच्या वाटचं बोलते.

एका गुरुवारी सकाळी चहा पिता पिता माझा बांध फुटला. मी म्हणाले, "तू जा पुण्याला. मी जाते नाशिकला. संपला विषय."

तो कप विसळत म्हणाला, "बरं. तसं करू."

एवढंच. त्या 'बरं'ने माझं डोकं जे फिरलं... मी न बोलता दवाखान्यात गेले, तो ओतूरकडच्या एका द्राक्षबागेत. माझ्याकडं दिवसभर पेशंटची रीघ होती, जेवायलाही खाली उतरले नाही. संध्याकाळी दोघं घरी आलो आणि भिंतीकडं बघत जेवलो. त्या गुरुवारी याच्यापलीकडं काहीही घडलं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय.

शुक्रवारी संध्याकाळी प्रशांत आपणहून म्हणाला, भांडून उपयोग नाही, शनिवारी नाशिकला जाऊन घर बघू, रविवारी पुण्याला, मग ठरवू. मला बरं वाटलं. मी लगेच मोबाईलवर जाहिराती चाळल्या आणि पाथर्डी फाट्याकडची एक जागा निवडली. बंगल्याचा वरचा मजला, मालकीणबाई खाली राहतात. 'उद्या दुपारी येतो' एवढाच मेसेज टाकला. नाव-गाव काही लिहिलं नाही. गुरुवारी मला हा पत्ताच माहीत नव्हता, हे लक्षात घ्या.

शनिवारी आळेफाटा, संगमनेर, सिन्नर करत दुपारी पोचलो. बेल वाजवली. साठी उलटलेल्या एका बाईंनी दार उघडलं, माझ्याकडं बघून ओळखीचं हसल्या आणि म्हणाल्या, "ये गं. परत आलीस? काही बघायचं राहिलं का?"

मी म्हणाले, काकू, आम्ही पहिल्यांदाच येतोय. त्यांना ती थट्टा वाटली. त्या आत जाता जाता बोलतच होत्या... परवा दुपारी तर आलीस, वरच्या खोल्या बघितल्यास, पसंत आहे म्हणालीस, एक तारखेला सामान आणते म्हणालीस. मी प्रशांतकडं बघून डोळे मिचकावले. म्हातारपण, दुसरं काय.

मग त्या बैठकीच्या खोलीतल्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या. उजवा हात भिंतीला टेकवला आणि बोटं एकेक करत वर सरकवायला लागल्या. खांद्याच्या जरा खाली येऊन हात थांबला. तिथं भिंतीवर पेन्सिलची एक खूण होती.

"बघ, तू सांगितलंस तसंच करते. भिंतीवर मुंगी चढवायची. जिथं अडेल तिथं तिला बसू द्यायचं, ढकलायचं नाही."

खांदा आखडलेल्या लोकांना हा व्यायाम सगळेच शिकवतात, त्यात काही नाही. पण मुंगी माझी आहे. तिला बसू द्यायचं, ढकलायचं नाही, हे शब्द माझे आहेत. नारायणगावातल्या माझ्या म्हाताऱ्या पेशंटना रेटून व्यायाम करायची सवय, म्हणून मीच ते जुळवलं होतं. कुठल्या पुस्तकात नाही की व्हिडिओत नाही.

प्रशांतलाही ते पाठ होतं. त्याने काकूंना हळूच विचारलं, "तेव्हा मी बरोबर होतो का?"

काकू गोंधळल्या. माझ्याकडं बघत म्हणाल्या, "हिने तर एकटीच राहणार म्हणून सांगितलं. मी विचारलं, लग्न झालंय ना? तर म्हणाली, झालंय, पण ते तिकडं पुण्याला."

घर न बघताच आम्ही निघालो. सिन्नर आलं तसा प्रशांतने गाडीचा वेग कमी केला. मग समोर बघत गाडी चालवतच म्हणाला, "मला सांगून गेली असतीस तरी चाललं असतं."

मी किती बोलले ते आठवत नाही. दवाखान्यात फोन लाव म्हणाले, डॉक्टरांना विचार, रिसेप्शनवरच्या मुलीला विचार, नंबर काढून फोन त्याच्या मांडीवर टाकला. त्याने लावला नाही. म्हणाला, "नको. तू म्हणतेस ना, झालं." म्हणजे विश्वासही नाही आणि खात्री करून घ्यायचीही नाही. त्या बाईंनी जे सांगितलं त्यापेक्षा मला हे जास्त लागलं. आळेफाट्याला चहाला थांबलो तर तो टपरीच्या या टोकाला आणि मी त्या टोकाला.

रविवारी पुण्याला जायचं मला काहीच कारण उरलं नव्हतं. तरी गेले. भांडण अर्धवट सोडायची मला सवय नाही. मोशीतली जागा प्रशांतच्या नव्या ऑफिसातल्या एकाने शनिवारी रात्री कळवली होती. मालक म्हणजे एक वयस्कर जैन गृहस्थ, मंचरला त्यांचं कापडाचं दुकान होतं, आता मुलाकडं इकडं राहतात. आम्ही जिना चढून गेलो तर ते दारातच उभे.

"या साहेब," ते प्रशांतला म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ह्या कोण?"

"माझी बायको," प्रशांत म्हणाला.

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुम्ही तर एकट्यासाठी जागा पाहिजे म्हणाला होता. गुरुवारी. मिसेस नाशिकला असतात म्हणालात. तसं आमचं काही म्हणणं नाही, पण आधी सांगायला पाहिजे."

प्रशांत हसायचा प्रयत्न करत होता. म्हणाला, काका, माणूस चुकताय तुम्ही. त्यावर ते उलट जरा चिडलेच. चुकतो कसा म्हणाले. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला नाहीत का, तळहातावर पाणी घेऊन चाटून बघितलं नाहीत का, अन् क्षार लई आहेत, फिल्टर चोंदणार म्हणून मलाच ऐकवलं नाहीत का? असं पाणी चाटून बघणारा माणूस मी आयुष्यात दुसरा बघितला नाही.

मीही बघितलेला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा ओतूरला आला तेव्हा माझ्या आईच्या घरचं पाणीही त्याने असंच चाखून बघितलं होतं आणि नापास केलं होतं.

मी जिन्यावर बसले. खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. बरं झालं, आता कळू दे यालाही! पण त्याचा चेहरा बघितला आणि तो आनंद टिकला नाही. खाली गाडीत येऊन बसल्यावर त्याने न सांगता फोन काढला, ओतूरच्या त्या द्राक्षबागवाल्यांना लावला आणि स्पीकरवर टाकला. गुरुवारी मी तुमच्याकडं किती वाजेपर्यंत होतो, एवढंच विचारलं.

पलीकडचा माणूस हसला. "असं काय इचारता राव? दिवसभर माज्याच बागंत व्हता की तुमी. जेवला बी आमच्यातच. का, सायेब लोक इचारत्यात का?"

प्रशांतने फोन ठेवला. मग दवाखान्यात लावला, मी न सांगता. रविवार असूनही डॉक्टरांनी उचलला. मॅडम गुरुवारी संध्याकाळपर्यंत इथंच होत्या, ते म्हणाले, काही तक्रार आहे का?

सर्व्हिस रोडला गाडी लावली होती, मागून लोक हॉर्न वाजवत होते. शेवटी प्रशांत म्हणाला, "मी 'बरं' म्हणालो ना त्या दिवशी, तसं मला म्हणायचं नव्हतं."

"मग काय म्हणायचं होतं?"

"काही सुचलंच नाही. तू एवढी चिडली होतीस..." मग म्हणाला, "नाशिकला जाऊ. बागा तिकडंही आहेत. मी बघतो काहीतरी."

मी म्हणाले, पुण्याला जाऊ, हॉस्पिटलं तिकडंही आहेत. आणि तुम्हाला खोटं वाटेल, आम्ही त्यावरून पुन्हा भांडलो. या वेळी उलट्या बाजूंनी.

गेलो नाशिकला. काकूंच्या वरच्या मजल्यावर नाही, लांब दुसऱ्या टोकाला. प्रशांतला काम मिळायला चार महिने लागले. ते दिवस सोपे नव्हते आणि त्याची कुरकुर अजून संपलेली नाही. पाणी मात्र पास झालं.

नाशिकला आल्यावर महिन्याभरात एकदा धीर करून मी काकूंकडं एकटीच गेले. विचारलं, ती... म्हणजे मी... एक तारखेला आले का? नाही म्हणाल्या. वाट बघितली आणि मग जागा कॉलेजच्या मुलींना दिली. माझ्यावर जरा रुसल्याच होत्या. मी त्यांचा खांदा तपासला. हात डोक्याच्या वर सरळ जात होता, भिंतीवर पेन्सिलच्या खुणा पार वरपर्यंत गेल्या होत्या. असा खांदा आपोआप इतक्या लवकर सुटत नाही. त्यांना कुणीतरी नीट शिकवलं होतं. मी म्हणाले, छान झालंय, चालू ठेवा. दुसरं काय म्हणणार? मोशीच्या काकांनाही प्रशांतने फोन केला होता. तिथंही तो माणूस परत आला नाही.

मावशी म्हणते, शांत करून घ्या. माझी डॉक्टर मैत्रीण म्हणते, ताणामुळे असं होतं. कुणाच्या ताणामुळे? काकूंच्या? कापडवाल्या काकांच्या? हा प्रश्न विचारला की ती विषय बदलते. मीही आता शोधायचं सोडून दिलंय.

फक्त कधी कधी, दुपारी पेशंट नसले की मनात येतं... ती बाई एकटी नाशिकला आली, तो माणूस एकटा पुण्याला गेला, दोघांनी घर पसंत केलं आणि दोघंही राहायला आले नाहीत. मग कुठं असतील ती? जिथं असतील तिथं असोत, पण दोघांपैकी एकाने तरी हट्ट सोडून फोन लावावा.