न्हाणीला छप्पर नव्हतं

"झूम कर. अजून. अगं कर की, लाजतेस कसली?"

माझ्या खुर्चीच्या मागे दोघं उभे होते. एका खांद्याशी सर, दुसऱ्या खांद्याशी ड्रोनवाला. हसायला लागले होते. कशाला हसतायत ते मला अजून कळलं नव्हतं. मी माउसचं चाक फिरवलं.

पडद्यावर झापांचा एक चौकोन मोठा होत गेला. झाप म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या. चार बाजूंना झाप, वर काही नाही. आत एक बाई. ओले केस, अंगाला चिकटलेलं जुनं लुगडं, हातात तांब्या. आणि तोंड वर. सरळ कॅमेऱ्याकडे.

"पोज दिल्यान बघ म्हातारेन!" ड्रोनवाला म्हणाला.

सर खो खो हसले.

बाजूला निळ्या पिंपाचा अर्धा तुकडा होता. कापलेली कड वाकडी होती. ती कड वाकडी का, ते मला माहीत होतं, कारण ते पिंप बाबांनी कोयत्यानं कापलं होतं आणि आई त्यांना त्यावरून कायम बोलायची. कुंपणावर पिवळी साडी टाकलेली होती. ती साडी मी घेतलेली.

ती माझी आई होती.

सरांचं हसून झालं. म्हणाले, "चल पुढे. टाइमपास नको."

मी पुढे सरकवलं.

मी कुडाळच्या त्या ऑफिसात ड्राफ्टिंग करायची. सरांचं ऑफिस. सर आमच्याच गावचे, खाडीच्या वरच्या अंगाला त्यांचं माडीचं घर आहे. खालच्या अंगाला, खारफुटीला लागून आमची वाडी. वाडीचं नाव सांगत नाही. आमच्याकडे वाडीच्या नावातच जात कळते, आणि मग ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. तो बदललेला चेहरा मी पुष्कळ पाहिलाय.

काम असं होतं. खाडीकाठी एका पार्टीचं, म्हणजे सरांच्या गिऱ्हाइकाचं, रिसॉर्ट होणार होतं, आणि तिथवर रस्ता. ड्रोन जमिनीवरून फिरून भाराभर फोटो काढतो. ते जोडून एक मोठं चित्र बनतं. त्या चित्राबरोबर त्याचे आकडे येतात, पृथ्वीवर ते नेमकं कुठलं ते सांगणारे. मी आधी नकाशाच्या सॉफ्टवेअरला आपला भाग पृथ्वीच्या कुठल्या पट्ट्यात येतो ते सांगायचं, मग चित्र आत घ्यायचं. आकडे बरोबर असले की चित्र आपसूक आपल्या जागी जाऊन बसतं. विहीर विहिरीवर, रस्ता रस्त्यावर. आकड्यांची फाइल राहून गेली तर चित्र कुठल्या कुठे पडतं, पडदा रिकामा, आणि तुम्ही बसा शोधत. मला ते काम आवडायचं. खोटं कशाला बोलू. चित्र जागेवर बसलं की मलाच बरं वाटायचं.

त्या दिवशीही चित्र बरोबर बसलं होतं. खाडीवरचा साकव साकवावर. आमची विहीर विहिरीवर. माझी आई माझ्या आईवर.

ड्रोन ओहोटीला उडवायचा हे सरांनीच ठरवलं होतं. पाणी उतरलं की काठ उघडा पडतो, रेघ स्वच्छ मिळते. बरोबरच आहे. पण ओहोटीलाच आमच्या वाडीतल्या बायका खाडीत उतरतात, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला. गुडघाभर चिखलात. ओहोटी सरत आली की वर येतात, आणि आधी न्हाणीत जातात, कारण त्या चिखलानं घरात पाय ठेवता येत नाही. आमच्या बायकांची अंघोळीची वेळ घड्याळावर नसते, पाण्यावर असते. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सरांना ठाऊक नव्हतं असं कुणी मला सांगू नये.

न्हाणीला छप्पर कशाला हवं? ऊन यावं, वारा यावा, ओल सुकावी. चार बाजूंना झाप लावले की झालं. वरून कोण बघणार होतं?

मी थोड्या वेळानं सरांच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, "सर, त्या न्हाणीचा भाग झाकूया का?"

"कशाला?"

"माणूस आहे तिथे."

"मग? त्याच्यावर रस्त्याची लाइन मारायचीय, तिचा फोटो नाही लावायचा." मग जरा थांबून, "आणि पॅच मारला की इमेज घाण दिसते. ही मोठी प्रिंट होणार आहे. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये लागणार आहे. पार्टी प्रेझेंटेशन देणार आहे गावाला."

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. भिंतभर. माझी आई ओल्या लुगड्यात, आणि तिच्या बाजूनं लाल रेघ.

मी म्हटलं, "सर, सगळं गाव बघणार."

"तुमच्या वाडीत काय बघण्यासारखं असतं गं?" सर म्हणाले, आणि फोन उचलला.

आता एक जुनी गोष्ट सांगते, म्हणजे माझ्या तळपायाची आग मस्तकात का गेली ते कळेल. विजयदुर्गाच्या बाजूला एका बंगल्याचं काम होतं. मुंबईच्या माणसाचा बंगला. त्या चित्रात गच्चीवर त्यांच्या घरातल्या बायका दिसत होत्या. नुसत्या बसल्या होत्या, केस वाळवत. पूर्ण कपड्यांत. मीच सरांना दाखवलं. सर खुर्चीतून उठले. मालकाला फोन लावला, चार चार वेळा माफी मागितली. "लेडीज आल्या आहेत साहेब, सॉरी, मी पुन्हा उडवतो, तुम्ही सांगाल त्या वेळेला." ती इमेज त्यांनी माझ्यासमोर पुसायला लावली. मला म्हणाले, "अशा गोष्टींत फार जपायला लागतं."

म्हणजे त्यांना कळत होतं. सगळं कळत होतं. कुणाचं जपायचं ते फक्त ठरलेलं होतं.

सरांच्या घरी मी लहानपणी आईबरोबर जायची, तिसऱ्या घेऊन. आम्ही खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं राहायचं. सरांची आई माडीच्या खिडकीत यायची. टोपली खळ्याच्या कडेला ठेवायला सांगायची आणि वरून एखादा जुना परकर, एखादी विटलेली साडी खाली टाकायची. कपडा हवेत उघडायचा आणि आईच्या डोक्यावर पडायचा. वर कुणीतरी हसायचं. आईही हसायची, डोक्यावरची साडी काढत. मला तेव्हा तो खेळ वाटायचा. खरंच खेळ वाटायचा. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

घरी गेले तर आई चुलीपाशी होती. तिनंच काही दिवसांपूर्वी मला सांगितलं होतं, हसत हसत, "वाडयेवर भुंग्यासारखा कायतरी भिरभिरत होता गो. मी न्हाताना वर बगलंय, पण उन्हान काय दिसाक नाय." मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. वाडीवर ड्रोन येणार हे कुणी आम्हाला सांगितलंच नव्हतं. मलासुद्धा नाही.

मी आईला सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. विस्तवाकडे बघत राहिली.

"माजो फोटो इलो?"

"हो."

"कोणी कोणी बगल्यानी?"

मी सांगितलं.

तिनं लाकूड पुन्हा आत सारलं आणि विचारलं, "माका कित्याक सांगलंस?"

मी तिच्या बाजूला चुलीपाशी बसले.

सकाळी उठले तर ती न्हाणीत होती. होडीवरची जुनी ताडपत्री आणून वरून बांधत होती. कोपरे सुंभानं आवळत होती. मी म्हटलं, "आई, राहू दे गो." ती म्हणाली, "खंय न्हावचा मगे?" आणि गाठ मारत राहिली. आत काळोख झाला होता. दगडावर नेहमी ऊन पडायचं, तिथे ताडपत्रीचा निळा उजेड पडला होता.

मी ऑफिसला गेले. सर म्हणाले, "प्रिंटची फाइल दे. संध्याकाळी पाठवायचीय."

मी म्हटलं, "ही इमेज मी लावणार नाही."

"काय झालं?"

"ती बाई माझी आई आहे."

ड्रोनवाला मान खाली घालून मोबाइल बघायला लागला. सरांचा चेहरा क्षणभर पडला. मग सावरला. आवाज एकदम मऊ झाला.

"अगं वेडे, मग आधी नाही का सांगायचं? तुझ्या आईपुरतं झाकून टाक. त्यात काय?"

एक सांगते. तो मऊ आवाज त्या हसण्यापेक्षा वाईट होता. माडीवरून साडी टाकावी तसा तो पडला माझ्या डोक्यावर. घे, तुझ्यापुरतं घे, हस आणि घरी जा. त्या चित्रात आमच्याच न्हाणीला छप्पर नव्हतं असं नाही. सगळ्या वाडीत कुणाच्याच नव्हतं. शेजारच्या काकीची न्हाणी होती, तिच्या सुनेची होती. त्यांची मुलगी या ऑफिसात नव्हती म्हणून त्या उघड्या राहणार होत्या.

मी म्हटलं, "माझ्या आईपुरतं नको. ही इमेज पुसा. आधी वाडीत येऊन विचारा, वेळ ठरवा, मग उडवा. बंगल्यासाठी उडवला होता तसा."

बंगल्याचं नाव काढल्यावर मऊपणा गेला.

"तो बंगला आणि तुमची वाडी एक काय?"

"बायका एकच."

"तुम्हाला जरा शिकवलं, खुर्ची दिली, की डोक्यावर बसता."

मी खुर्चीतून उठले. ड्रॉइंग उघडंच होतं. मी इमेज त्यातून काढून टाकली. मूळ इमेजची फाइल ऑफिसची होती, तिला हात लावला नाही. फक्त माझ्या ड्रॉइंगमधून काढली. नुसत्या रेघा राहिल्या पडद्यावर, खाली काळं. मग डबा पिशवीत घातला आणि निघाले. सर मागून म्हणाले, "जिल्ह्यात कुठं काम मिळतं बघतो मी." बघा. खुशाल बघा.

वाडीत मी विहिरीवर सगळ्या बायकांना सांगितलं. कुणी शिव्या घातल्या. एकजण रडली. काकी माझ्यावरच चिडली, "आमका कशाक सांगूक इलंस? म्हायत नाय हुता ता बरा हुता." दोन दिवसांत वाडीतल्या न्हाण्यांवर काय काय चढलं. पत्रे, गोणपाटं, निवडणुकीचे जुने बॅनर. आमच्या वाडीचं ऊन असं गेलं. ड्रोन पुन्हा आला तर आता त्याला नुसती छपरंच दिसतील. बघणारे मजेत आहेत, झाकून घेतलंय ते आम्ही.

म्हणून सांगते. ते चित्र अजून सरांकडे आहे. माझ्या जागी कुणीतरी बसलं असेल, त्यानं ते आत घेतलं असेल, ते बरोबर जागेवर बसलंही असेल. प्रेझेंटेशनची दवंडी अजून झालेली नाही. होईल त्या दिवशी मी हॉलमध्ये असेन, मागे नाही, पुढे. त्या भिंतीजवळ जाऊन बोट ठेवून सांगेन की ही माझी आई आहे, हिला कुणी विचारलं नव्हतं. ज्यांनी हसून बघितलं त्यांनी आता तिच्या मुलीसमोर बघावं. मग ती प्रिंट मी माझ्या हातानं उतरवीन. पोलीस बोलवायचे तर बोलवा.

आणि वाडीत येऊन, खळ्यात उभं राहून, आमची परवानगी मागेपर्यंत त्या खाडीकाठी यांचा ड्रोन उडू देणार नाही.

न्हाणीवरची ताडपत्री मी त्यानंतर काढणार. आई आता काढून टाक म्हणाली तरी त्याआधी काढणार नाही. तोवर राहू दे ती तिथे. रोज सकाळी मला दिसू दे.