पुस्तकातल्या सुनेची ओटी

निजामाच्या अमलात मराठी कादंबरी कुणी सोलापूरहून आणली, तरच तुळजापुरात दिसायची. आमच्या पुराणिकबुवांना एक मिळाली. मग रोज पोथीचा अध्याय संपला की दाखला म्हणून ते तिच्यातलं एक प्रकरण वाचू लागले. त्यातली सासू सुनेला उपाशी ठेवायची.

ऐकायला अगदी पुढ्यात एक भारदस्त बाई बसायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पोथीत राज्यं बुडाली तरी त्या निवांत वाती वळायच्या; कादंबरीतली सून रडली की मात्र पदर डोळ्यांना. रोजच्या श्रवणानं मन असं मऊ होतं, असं बुवा कौतुकानं सांगायचे.

एका मंगळवारी त्या देवळात दिसल्या. कादंबरीतल्या सुनेला सुख लागावं म्हणून भवानीची ओटी भरत होत्या. मागं त्यांची स्वतःची सून जड ताट धरून उभी होती. तिचे ओठ सुकले होते.

"लेकरू उपाशी हाय हो," बाई मला म्हणाल्या. "माझ्यानं घास गिळवंना."

"बाई, आन् ह्या पोरीनं काही खाल्लं का?"

त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"हिला काय धाड भरलीय? ही काय पुस्तकातली हाय व्हय?"