घरात आधी कोणाला होतं का?

रोह्याच्या डॉक्टरांनी बायोप्सीचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "कॅन्सर आहे. जठराचा. सिग्नेट रिंग सेल कार्सिनोमा." म्हणजे या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली खड्याच्या अंगठीसारख्या दिसतात. नाव दागिन्याचं, काम मारेकऱ्याचं. मग त्यांनी विचारलं, "घरात आधी कोणाला पोटाचा कॅन्सर होता का?"

मी म्हणालो, "नाही."

रिपोर्ट ज्याचा होता तो माझा धाकटा भाऊ विनू शेजारी बसला होता, पलीकडे त्याची बायको सुनंदा. तिला खरं माहीत नव्हतं. विनूला होतं. तरी तो गप्प बसला, कारण मोठा भाऊ बोलला होता.

आमचे वडील याच आजाराने गेले. आधी जेवण जाईना, मग पाणी. पुढे विनूसाठी रोह्याजवळच्या वरसे गावची ही सुनंदा बघितली, तेव्हा तिच्या माहेरी मीच सांगितलं की वडील काविळीने गेले. आमच्या पेणमध्ये तेव्हा कॅन्सर हा शब्दही कोणी मोठ्याने उच्चारत नसे. असल्या घरात मुलगी कोण देणार?

आमचा गणपतींचा कारखाना. विनू आखणी करायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचा. हे काम अगदी शेवटी होतं आणि आमच्याकडे त्याच्याशिवाय त्याला कोणी हात लावत नसे. १९९९च्या आषाढात तो दोन घासांत ताट सारू लागला. "दादा, याचं पोट बघ," समोरच्या मूर्तीकडे ब्रश रोखून म्हणायचा, "आणि माझ्यात अर्धी भाकरी राहत नाय." कारागीर हसायचे. मला वडिलांचं ताट आठवायचं.

तरी मी मेडिकलमधून ॲसिडिटीच्या गोळ्याच आणून दिल्या. डोळ्यांवाचून मूर्ती बाहेर जात नाही, म्हणून चतुर्थीपर्यंत मी भावालाही डॉक्टरकडे जायला बाहेर पडू दिलं नाही. गोळीने जळजळ थांबायची, तो पुन्हा ब्रश घ्यायचा. अशा गोळ्यांनी त्रास दबतो, आजार नाही. तुमच्या घरात कोणाला दोन घासांत पोट भरल्यासारखं होत असेल, तर एवढं तरी लक्षात ठेवा.

चतुर्थी झाली आणि विनूला पाणीही पचेना. सुनंदाने मला न विचारता त्याला माहेरी नेलं, रोह्यात एन्डोस्कोपी करून घेतली, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून जठर आतून बघितलं. मला बोलावलं ते रिपोर्टच्या दिवशी.

मुंबईत त्याचं पोट उघडलं आणि तसंच शिवलं. आजार पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरला होता. विनू वॉर्डात होता. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला आणि सुनंदाला समजावलं. ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. ते नाहीसं झालं की पेशी सुट्या होतात. त्यांची गाठ होत नाही. एकेक करून त्या जठराच्या भिंतीत शिरतात आणि पुढे सरकतात. भिंत चामड्यासारखी कडक होते. "जठर ताणलंच जात नाही, म्हणून जेवण जात नाही," बाई म्हणाल्या. काही घराण्यांत या प्रथिनाचं जनुकच जन्मापासून बिघडलेलं असतं, असं नुकतंच कळलंय. आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला.

मला संताप आला. त्या बाईंचा, त्या प्रथिनाचा, मेलेल्या बापाचा, बाहेर बाकावर बसून पोटभर डबा खाणाऱ्या अनोळखी माणसांचा. मग माझ्या तोंडून निघालं, "वडिलांना होतं."

सुनंदा वळली. "कावीळ नव्हती?"

"नव्हती."

"मग माझ्या पोरीत पण हाय काय हे?"

बाई म्हणाल्या, "असेल किंवा नसेलही. जनुकाची तपासणी इथे अजून होत नाही. ती लहान आहे. आधी या तिच्या काकांची दुर्बीण करा."

मी विचारलं, "आधी सांगितलं असतं, तर वाचला असता?"

"लवकर बघता आलं असतं. वाचला असता का, ते मी सांगू शकत नाही."

मी त्या वाक्याला चिकटलो. सुनंदाला ते दिसलं. "भाऊजी, त्यात लपू नका," ती म्हणाली.

विनू थंडीत गेला. मी दुर्बिणीचं टाळत राहिलो. शेवटी सुनंदाच पेणला आली, मला एसटीत बसवून रोह्याला घेऊन गेली.

नळी घशातून उतरताना वाटलं, विनूने हे मुकाट सोसलं. डॉक्टर म्हणाले, "आज काही दिसत नाही. पण हा आजार भिंतीच्या आत दडतो. दरवर्षी यायचं." मी सुनंदाला हात जोडले.

"नमस्कार ठेवा तुमच्याजवळ," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाय आलेय मी."

मला तिचा राग आला नाही. आमच्या घराण्याबद्दल खरं बोलणारं माणूस घरात आलं होतं, आणि ते मी फसवून आणलं होतं. तिचे उपकार मी असेच मानत राहणार, तिला नको असले तरी.

ती डॉक्टरांच्या टेबलाशी गेली. "माझ्या पोरीच्या नावाने केस पेपर काढा," म्हणाली. "लिहा. आजोबा, बाप." मग माझ्याकडे बघितलं. "चुलत्याचं अजून ठरायचंय."