घरी बांधलेला रेडिओ

परवा इंदूरच्या जेल रोडवरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी माझा बंद पडलेला टॅब्लेट घेऊन बसले होते. दुकानदाराने तो उलटापालटा करून पाहिला, कडेवरून नख फिरवलं आणि माझ्याकडे परत सरकवत म्हणाला, ‘‘आंटी, ये खुलता नहीं है. चिपका के आता है. नया ले लो.’’ मी काही बोलणार तोच शेजारच्या टेबलावर कुणीतरी सोल्डरिंगचं तापलेलं टोक तारेला टेकवलं आणि राळेचा धूर माझ्यापर्यंत आला. किंचित कडवट, किंचित धुपासारखा. त्या वासाने माझा त्रागा विझला नाही. उलट त्याला जुनी, घरगुती चव आली. त्रागा आणि राळेचा वास या दोन्ही गोष्टी माझ्या लहानपणी आमच्या घरात एकाच खोलीत राहत असत.

मध्य प्रदेश नुकता झाला होता. राजधानी भोपाळला गेली आणि तिच्या मागोमाग कचेऱ्या गेल्या. आमच्या ओळखीची कितीतरी मराठी घरं पितळी भांडी पोत्यांत बांधून, दारांना कुलपं लावून निघून गेली. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, मागे राहिलेल्यांपैकी होते. त्यांच्या खात्याचं एक शेपूट इंदुरात उरलं होतं आणि त्या शेपटाचे ते हेडक्लार्क. काम थोडं, वरिष्ठ दूर, संध्याकाळी मोकळ्या. त्या मोकळेपणात त्यांना रेडिओ बांधायचं वेड लागलं. समोरच्या वकिलांकडे चकचकीत लाकडी पेटीचा विलायती रेडिओ होता, बटण फिरवलं की बोलायचा. नानांना तसला नको होता. आतलं सगळं आपल्या हाताने जुळवलेलं आणि तरीही बोलणारं असं काहीतरी त्यांना हवं होतं.

ते बोलत मात्र नव्हतं. महूच्या छावणीतून लिलावात निघालेलं लष्करी वायरलेसचं सामान कृष्णपुऱ्याच्या राजसमाधींच्या छत्र्यांजवळच्या एका भंगारवाल्याकडे येई. नाना दर रविवारी तिथे जाऊन उकिडवे बसत आणि ढिगाऱ्यातून काचेचे व्हॉल्व्ह, कॉइल, कंडेन्सर असं काहीबाही उचलत. हा चालेल ना, असं विचारलं की भंगारवाला विडी बाजूला करून म्हणे, ‘‘चलेगा क्या, दौड़ेगा भिया.’’ घरी आणलेली ती वस्तू धावायची तर सोडाच, पुष्कळदा धुगधुगीसुद्धा दाखवायची नाही. व्हॉल्व्ह लालसर पेटे, आम्ही श्वास रोखून बसू, आणि आतून फक्त गिरणीच्या पट्ट्यासारखी एकसुरी घरघर येई. घरघर गेली की शिट्टी येई. शिट्टी घालवावी तर सगळंच गप्प. नानांचं पुस्तक इंग्रजी होतं, त्यातल्या आकृत्या कुठल्या तरी दुसऱ्याच देशातल्या भागांसाठी काढलेल्या. ‘याच्या जागी तो चालेल’ असं ठरवता ठरवता त्यांच्या यंत्रात मूळचं असं जवळजवळ काही उरलं नव्हतं. आईला त्या खोलीत केर काढायची बंदी होती. एक पाट, दोन वाट्या आणि तिची चांगली कातरी त्या खोलीने कायमची गिळली होती. नाना स्वभावाने शांत, पण त्या पेटीपुढे त्यांचा चेहरा असा आवळला जायचा की आम्ही दारातूनच परत फिरायचो.

परत न फिरणारी घरात एकच व्यक्ती होती, आत्या. नानांची थोरली बहीण. फार लवकर विधवा होऊन ती माहेरी आली, पुढे शिकली आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. तिला रेडिओतलं काही कळत नव्हतं. पण नाना गच्चीवर एरियलची तार ताणायला लागले की ती पदर खोचून दुसऱ्या टोकाचा बांबू धरून उभी राही आणि भर उन्हात, ‘‘डावीकडे? आणखी डावीकडे?’’ असं न कंटाळता विचारत राही. बिघडलेल्या गोष्टीपाशी नुसतं बसून राहायची तिच्यात एक ताकद होती. मला वाटतं, शाळेतल्या मुलींनाही ती तशीच शिकवत असावी.

आत्या गायची. मैफलीतलं नव्हे, वह्या तपासताना, तांदूळ निवडताना. शेजारच्या बायकांकडून उचललेली माळवी भजनं ती आपल्या मराठी जिभेवर अशी घोळवायची की ती दोन्हीकडची वाटत. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने इंदूरच्या रेडिओ केंद्रावर आवाजाची परीक्षा दिली, पहिल्यांदा नापास झाली, कुणालाही न सांगता दुसऱ्यांदा दिली आणि पास झाली. दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमात तिला एक भजन म्हणायचं होतं. त्या काळी अशी गाणी तिथल्या तिथे गायली जात. गायलं की हवेत गेलं. परत ऐकण्याची सोय नाही. नाना त्या दिवशी जेवताना म्हणाले, ‘‘अक्का, तुझं गाणं आपल्या घरात ऐकायचं, आपल्या रेडिओवर.’’ आत्याने त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

पुढचे दिवस नाना कचेरीतून आले की थेट पेटीपुढे बसत. आणि काय आश्चर्य, गाण्याच्या आदल्या संध्याकाळी ती बोलली. आधी खरखर, मग धुक्यातून माणूस पुढे यावा तसा इंदूर केंद्राच्या निवेदकाचा आवाज. आईसुद्धा हात पुसत दारात येऊन उभी राहिली. नानांनी दुसऱ्या कशालाही हात न लावता, अगदी हलकेच पेटी बंद केली, जणू झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा घेतली. आत्या टांग्याने केंद्रावर गेली. नानांनी वेळेच्या बऱ्याच आधी बटण फिरवलं. व्हॉल्व्ह पेटला, घरघर आली, आणि आतून काहीतरी फुटल्यासारखा बारीक आवाज होऊन सगळं थंडावलं. पेटीतून जळकट वास आला. नानांनी मागची फळी काढली. आईने थोडा वेळ वाट पाहिली, मग म्हणाली की वकिलांकडे जाऊ या, ते बोलावतच होते. नाना मान वर न करता म्हणाले, ‘‘तुम्ही व्हा पुढे. होईल एवढ्यात.’’

आम्ही गल्ली ओलांडून गेलो. वकिलांच्या बैठकीत सतरंजी घातली होती, गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. आत्याचा आवाज आला तेव्हा मला तो ओळखूच येईना. इतका सरळ, इतका दूरचा. मग एका वळणावर तो घरचा झाला आणि आईने डोळ्यांना पदर लावला. मी मात्र खिडकीतून आमच्या घराकडे पाहत होते. समोरच्या खोलीत नानांची वाकलेली पाठ दिसत होती. त्यांना फक्त उठायचं होतं, चपला घालायच्या होत्या आणि गल्ली ओलांडायची होती. इतकी वर्षं झाली, तरी ती पाठ आठवली की माझा जीव चरफडतो. गाणं संपलं, टाळ्या वाजल्या, आणि पाठ तशीच होती.

आत्या परतली तेव्हा दारातच बायकांनी तिला घेरलं. वकिलांच्या पत्नी म्हणाल्या, ‘‘बहनजी, भोत मीठा गाया आपने.’’ सगळ्यांचं कौतुक ऐकत, हसत ती आत आली आणि नानांच्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबली. पेटीची आतडी चटईवर पसरलेली होती. तिने विचारण्याआधीच नाना म्हणाले, ‘‘मी नाही ऐकलं, अक्का. हे उघडून बसलो होतो.’’

आत्या मोरीवर गेली, हातपाय धुतले, पाणी प्यायली आणि येऊन नानांच्या शेजारी चटईवर बसली. बाकीचे पांगले होते, मी तेवढी दाराआड होते. ती अगदी हळू म्हणाली, ‘‘बरं झालं. दुसऱ्या कडव्याचे शब्दच आठवेनात. पहिलंच पुन्हा म्हटलं. एवढ्या जणांनी ऐकलं, पण कुणाच्या लक्षात आलं नाही रे.’’

नानांनी एक काळवंडलेला तुकडा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. म्हणाले, ‘‘कंडेन्सर गेला.’’

तिने तो निरखून पाहिला, एखाद्या मुलीची चुकलेली वही पाहावी तसा. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याची समजूत घातली नाही. आम्ही जेवायला बोलावेपर्यंत ती भावंडं तिथेच बसून होती.

नवा कंडेन्सर मुंबईहून यायला खूप दिवस लागले. तो बसवला त्या संध्याकाळी रेडिओ बोलला आणि बोलतच राहिला. पहिल्यांदा त्यातून काय यावं, तर धान्याचे भाव. इंदूर, देपालपूर, गहू, ज्वारी, हरभरा. नाना आणि आत्या ते भाव शेवटपर्यंत ऐकत बसले, मैफलीत बसावं तसे, मांडी न मोडता.

आत्याला केंद्रावरून पुन्हा बोलावणं आलं नाही. त्या चुकलेल्या कडव्यामुळे की आणखी कशामुळे, कळायला मार्ग नव्हता, आणि तिनेही विचारलं नाही. नानांचा रेडिओ मात्र त्यांच्या निवृत्तीनंतरही चालला. जगभरचे आवाज त्याने आमच्या घरात आणले. ज्या एका आवाजासाठी त्यांनी इतका जीव आटवला, तो तेवढा त्यातून कधी आला नाही. मोठेपणी मला याची हळहळ वाटायची. हुकलेलं क्षणभराचंच होतं, पण भरून न येणारं. आता माझंही वय झाल्यावर त्या दिवसांतलं दुसरंच काही आठवत राहतं. संध्याकाळी रेडिओ चालू असे, बातम्या असोत की नामवंत गवयाचं गाणं, आणि आत स्वयंपाकघरात आत्या तांदूळ निवडता निवडता गुणगुणू लागे. नाना मग उठत, रेडिओ बंद करत आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसत.